कोरडं कपाळ

सव्वीस वर्षं पावाच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ऊन काय करणार, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. समुद्रकाठच्या लॉजच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की बारा ते चार वाळूवर जाऊ नका, टोपी घाला, पाणी पीत राहा. ह्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मी तरी कुठे शहाणी? मी लाँड्रीत इस्त्री करते. नऊ वर्षांनी चार दिवस सुट्टी मिळालेली, तीही सुजलेल्या पायांनी. वाद घालायचंसुद्धा त्राण नव्हतं. मी छत्रीखाली आडवी झाले, हे बाहेर उन्हात पसरले. टोपी पिशवीत, पाण्याची बाटलीही पिशवीत. कामावर असताना पाणी प्यायलं की अंग जड होतं ही त्यांची जुनी समजूत. ती सुट्टीवरही बरोबर आणलेली.

दोनच्या सुमाराला मला जाग आली. डोकं ठणकतंय म्हणाले. सावलीत या म्हटलं, तर म्हणतात कसे, "अगं, घामसुद्धा थांबला बघ. अंगाला सवय झाली."

मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. चला, कटकट मिटली, म्हणून मी कूस बदलली. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पण झोप लागेना. घाम थांबला, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. आमच्या कामातला पहिला धडा तोच. कापड दमट आहे तोवर इस्त्री सोसतं, कोरडं पडलं की करपतं. म्हणून तर पाण्याचे हबके मारतो आम्ही. मी उठले आणि त्यांच्या कपाळाला उलटा हात लावला. कोरडं ठाक, आणि इस्त्रीसारखं तापलेलं. हाक मारली तर म्हणाले, "ट्रे काढ, पाव करपतील."

ओरडून माणसं गोळा केली. दोघांनी त्यांना उचलून खोलीत आणलं, मॅनेजरने अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी पंखा लावला, चादर भिजवून अंगावर टाकली आणि हबक्यामागून हबके मारत राहिले. हात सवयीने चालत होते. मन मात्र त्या बदललेल्या कुशीपाशी अडकलं होतं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझी झोपमोड केली ना मी?"

लग्न झाल्यापासून घामाने भिजलेल्या शर्टांवरून मी ह्या माणसाला घालूनपाडून बोलत आले. आता त्यांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब जमत होते. मी खुर्ची पुढे ओढून बसले आणि ते पुसले नाहीत.