दोनकाच्या हातची ल्युतेनित्सा

दोनकाची बोटं सकाळी अकराच्या आत कामाला लागत नसत. बारा वर्षांचा संधिवात. शर्टाचं बटण लावायलासुद्धा नवऱ्याला, आसेनला, हाक मारावी लागे. दुपारी मात्र तीच बोटं गुणी पोरीसारखी वागत. म्हणून ती गावच्या वाचनालयात फक्त बारा ते चार नोकरी करायची आणि वर थोडी अपंगत्वाची पेन्शन घ्यायची. दोन्ही एकाच कागदावर चालायचं : पंचावन्न टक्के अपंग. आकडा पन्नासाच्या खाली उतरला की पेन्शनही गेली आणि अर्ध्या दिवसाची सवलतही. वाचनालयाचे नवे संचालक तर टपूनच बसले होते. त्यांना सगळे आठच्या ठोक्याला हजर हवे होते.

दर तीन वर्षांनी वैद्यकीय समिती हा आकडा नव्यानं ठरवायची. मधल्या काळात संधिवात कंटाळून निघून गेला असेल, अशी सरकारला भाबडी आशा! आणि समिती बसायची कधी, तर दुपारी दोनला. साहेबांचं जेवण नीट व्हायला नको?

"रिकाम्या हातानं जाऊ नकोस गं दोनके," शेजारची पेन्का म्हणाली. "ल्युतेनित्साची बरणी ने." ही लाल मिरच्यांची चटणी दर शरदात पेन्काच अंगणात चूल मांडून दोन्ही घरांसाठी करायची. दोनका शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडायची.

समितीचे अध्यक्ष डॉक्टर वुल्चेव यांनी बरणी तिथल्या तिथे उघडली, ड्रॉवरमधून पाव काढला आणि घास तोंडात टाकला.

"अहाहा! कुणी केली हो बाई?"

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? पण त्या गावातली बाई एकवेळ खरं वय सांगेल, नवऱ्याची लफडी सांगेल. आपल्या फळीवरची ल्युतेनित्सा दुसरीनं केली, हे मेली तरी कबूल करणार नाही.

"मीच की!" दोनका म्हणाली.

"एकटीनं?"

"मग काय! वीस किलो मिरच्या. भाजायच्या, सोलायच्या, मग पाच तास ढवळायचं. हात थांबला की करपलीच म्हणून समजा."

"सोलता हातानंच?"

"मशीनवर सोलणाऱ्या आळशी बायका वेगळ्या, डॉक्टरसाहेब!"

कोपऱ्यातली कारकून बाई खटाखट टाइप करत होती. मग डॉक्टरांनी दोनकाला बोटं मिटायला, उघडायला सांगितली. सव्वादोन वाजले होते. बोटं झकास मिटली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चाळीस टक्के. कारण : वीस किलो मिरच्या हातानं सोलते, पाच तास अखंड ढवळते.

"अगं, खरं सांगायला काय झालं होतं तुला?" आसेन कपाळावर हात मारून म्हणाला.

"जीभच वळली नाही हो," दोनका म्हणाली. आठ वाजता वाचनालयात जाऊन ती काय करणार होती, कोपरानं पुस्तकं देणार होती?

फेरतपासणीचा अर्ज करायला चौदा दिवस होते, आणि साक्षीदार हवा होता. पेन्का आली. पत्र वाचता वाचता तिच्या भुवया वर चढल्या.

"पाच तास? तू? बसल्या बसल्या 'मीठ कमी आहे, मीठ कमी आहे' करून माझं डोकं खाल्लंस, ते कुठं लिहिलंय?"

"टोमणे नंतर मार गं. सही कर."

"करते. पण अर्जात स्वच्छ लिही, कुणी केली ते. नावानिशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोनका कागद घेऊन बसली. आसेन म्हणाला, "दे, मी लिहितो."

"काही नको. माझे सकाळचे हात बघू देत त्या मेल्यांना."

अक्षरं तिरकी, फुटकी, ओळीखाली घसरणारी. अर्ध्या तासात एक वाक्य झालं : 'ती ल्युतेनित्सा माझी नसून शेजारीण पेन्का हिची आहे.' ते वाचलं आणि तिला रडूच फुटलं. दुखण्यापायी ती बारा वर्षांत इतकी रडली नव्हती.

मग तिनं डोळे पुसले, पेन पुन्हा कसंबसं दोन बोटांत अडकवलं आणि आणखी पाव तास खर्चून खाली लिहिलं, 'मीठ मात्र मी सांगितलं तेवढंच घातलं होतं.'