तीन पानांचा देव

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हंजी मागनं कुणी मला शहाणपण शिकवायला नको. पेटी मीच हरवली. हौसराव आप्पांनी न्हाई, मेंढ्यानं न्हाई, रस्त्यातल्या खड्ड्यानं न्हाई. मी. आता गप ऐका.

साल दोन हजार दोन. मांडवगण फराट्याकडं एका कारखान्याच्या नव्या बॉयलरचं काम चाललं व्हतं. बॉयलरच्या पाइपांना वेल्डिंगचे जोड असत्यात. ते आतनं पक्के हायेत का पोकळ, हे बघायला त्यांचा फोटो काढावा लागतो, दवाखान्यात हाडाचा काढत्यात तसा. तो काढणारा मी, मल्हार. आमच्या घरातल्या पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या, बाप शेतीवर थांबला, आन् मी ट्रेनिंग करून, परीक्षा देऊन, परवाना काढून छातीवर बिल्ला लावणारा झालो. अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्यावरनं कळतं. आई त्याला पदक समजायची. मी बी कधी तिची समजूत मोडली न्हाई.

फोटो निघतो तो इरिडियमच्या एका दाण्यामुळं. दाणा हरभऱ्यापेक्षा बारका, पण उघडा हातात घेतला तर हात सडवंल. म्हणून तो पेटीत राहतो. पेटी एवढीशी, पण वजन वीस-बावीस किलो, कारण आतनं किरण अडवणारा जड धातू. दर अडीच महिन्यांनी दाण्याची ताकद निम्मी व्हती. पार थकला की त्याला मुंबईला परत पाठवायचा. तिथं त्याला किरणोत्सारी कचरा म्हणून बंदोबस्तात सांभाळत्यात. त्या शुक्रवारी मी असाच एक थकलेला दाणा कंपनीच्या पुण्याच्या गोडाऊनला पोचवायला निघालो व्हतो. जीप हौसराव आप्पांची. आप्पा म्हंजी मांडवगणचे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. कंपनीला जीप भाड्यानं दिली तरी ड्रायव्हर ठेवायचे न्हाईत. ड्रायव्हर लोक डिझेल पित्यात, असं त्यांचं मत.

पेटी जीपला साखळीनं बांधायची आन् कुलूप लावायचं, असा नियम. मी लावलं व्हतं, खरंच लावलं व्हतं. पण यवतला शुक्रवारचा बाजार. शेळ्यामेंढ्यांनी रस्ता भरलेला. आप्पांना कासुर्डीत दिलेल्या बहिणीकडं नवसाचा मेंढा द्यायचा व्हता.

"मल्हारी, तुमच्या तर रक्तातच हाय. जरा निवडून दे की."

झालं. मेलो तिथंच. बिल्ला, परवाना, परीक्षा, सगळं इसरलो आन् मेंढ्यांचे दात बघत बाजारभर हिंडलो. निवडला तो एक नंबर. कमरंला भरलेला, काळ्या तोंडाचा, आन् मस्तवाल. जीपमध्ये चढवला तसा त्यानं दोर तोडला. दोनदा उडी मारून पळाला, दोनदा आप्पांनी धोतर सावरत धरून आणला.

"बांधायला दुसरं काय हाय का रं?"

व्हतं की. साखळी व्हती. मी कुलूप काढलं, पेटीची साखळी सोडली आन् मेंढ्याच्या गळ्यात घातली.

"पेटी काय पळून जाणार हाय?" असं वर मीच म्हणालो.

हायवे सोडून वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागलो आन् जीप नुसती नाचाय लागली. बहिणीच्या दारात मेंढा साखळीसकट रुबाबात उतरला. मागचा फाळका लोंबत व्हता. पेटी न्हवती.

पेटी हरवली की त्याच मिनिटाला कंपनीला आन् मुंबईच्या सरकारी खात्याला कळवायचं, हा दुसरा नियम. कळवलं की परवाना गेला, नोकरी गेली, हे शाळेतल्या पोराला बी कळंल. मी एसटीडी बूथवरनं फोन केला आन् सांगितलं, जीप बिघडलीय, सोमवारी येतो. आप्पा म्हणाले, "सापडंल की रं, जाती कुठं!" त्यांचं काय जातंय म्हणायला.

माझ्याजवळ किरण मोजायचं यंत्र व्हतं. कुठं किरण असले की ते टिकटिक करतं. शनिवारी दिवसभर ते हातात धरून मी बांधाबांधानं हिंडलो. फेब्रुवारी महिना, विहिरींनी तळ गाठलेला. लोकांना वाटलं, पुण्याचा पाणाडी आलाय. एकानं नारळ आणला, एकानं चहा. एक म्हातारा तर सोडीचना.

"आमच्या रानात कुठं लागतंय ते सांगा साहेब. बोअर घ्यायचीय."

"आजोबा, हे पाण्याचं यंत्र न्हाई."

"मग मघाशी त्या लिंबाखाली का थांबला व्हता?"

"दम लागला व्हता म्हणून!" मी खेकसलो. माझं डोकं तसं लवकर तापतं. म्हातारा बिचारा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी तिथंच त्यानं बोअरची खूण केल्याली बघितली.

पण त्याच म्हाताऱ्यानं मला वाचवलं म्हणा, न्हाईतर बुडवलं म्हणा. रविवारी सकाळी परत गाठ पडली तवा म्हणाला, "पाणी न्हाई सांगत तर न्हाई. हरिबाच्या वस्तीवर देव आलाय, त्यालाच इचारतो."

"कसला देव?"

"खंडोबा. रस्त्यात घावला. पिवळाधमक, वर बेलाचं पान. आन् जड असा, की उचलता उचलंना."

ती माझीच पेटी. पेटीला पिवळा रंग देत्यात आन् वर धोक्याची खूण काढत्यात. मधी टिपका आन् भवती तीन पाकळ्या. जगात कुठं बी बघा, त्या खुणंचा अर्थ एकच, लांब राहा. पण धनगराच्या वस्तीवर पिवळं म्हंजी भंडारा, आन् तीन पानं म्हंजी बेल. त्याला कोण लांब राहंल? मी धनगराचा असून हे माझ्या डोक्यात आलं न्हाई, आन् त्या हरिबाला एका नजरंत दिसलं.

हरिबाची वस्ती म्हंजी पत्र्याच्या दोन खोल्या. हरिबा सत्तरीचा, कानानं कमी. त्यानंच पेटी सायकलवर लादून आणलेली. त्याची बायको गिताबाई मातर दोघांचं मिळून ऐकायची आन् चौघांचं मिळून बोलायची.

पेटी देव्हाऱ्याखाली चौरंगावर. भंडाऱ्यानं माखल्याली, वर झेंडूची माळ. समोर गूळ-खोबरं. आन् पेटीला पाठ टेकवून त्यांची नात अंकिता, वय सात-आठ, पाढे पाठ करत बसल्याली.

"पोरीला उठवा तिथनं!" मी दारातनंच ओरडलो.

"का रं बाबा? परीक्षा हाय तिची. शुक्रवारपासनं तिथंच बसवतीय मी. कवा न्हाई ते बाराचा पाढा आला. तू कुणाचा?"

"मांडवगणचा. आपल्यातलाच. आजी, आधी तिला उठवा, मग कुळी इचारा."

पोरगी उठून बाहेर गेली. मी यंत्र धरलं. टिकटिक चालू झाली तशी गिताबाईंनी हात जोडले.

"बोलतोय बग देव!"

"देव न्हाई आजी, पेटी हाय. आत कारखान्याचा कचरा हाय."

"तोंड धुवून ये. दोन दिस दुधानं आंघोळ घातली, तीर्थ म्हणून गावाला वाटलं, आन् ह्यो म्हणतोय कचरा! बरं, मग बेलभंडार उचल आन् सांग, की ह्यो देव न्हाई."

देवापुढचा बेल आन् भंडारा हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोलत न्हाई. बोलला तर त्याचं कुणी पाणी पीत न्हाई. मी उचलला. सगळं सांगितलं. दाणा, किरण, साखळी, मेंढा. मेंढ्यापाशी आलो तवा ती पदर तोंडाला लावून हसाय लागली.

"शिकून साहेब झालास, आन् मेंढा दिसला की पाघळलास व्हय?"

"व्हय."

"चांगला तरी निवडलास का?"

"एक नंबर."

मग मी सांगितलं, की पेटीचं कुलूप शाबूत हाय, दाणा आतच हाय, पण बाहेर थोडं थोडं येतंच. एवढं जवळ, एवढा वेळ बसणं बरं न्हाई. तशी ती हसायची थांबली.

आप्पा जीप घेऊन मागनं आले व्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उचल आन् चल. कुलूप शाबूत, माणसं धडधाकट. पुण्याला पेटी पोचली की कोण इचारतंय? ही म्हातारी काय मुंबईला फोन करणार हाय?"

खरं सांगतो, माझा पाय जीपकडं वळला व्हता. माझ्या हिशेबानं त्या लेकराला फार काय झालं नसणार. पण माझा हिशेब म्हंजी दोन दिवस पाणाडी म्हणून हिंडणाऱ्या माणसाचा हिशेब. मी गप बसलो तर तिचं रक्त कोण तपासणार? आन् बोललो तर मी संपलो. पोरगी बाहेर ओट्यावर बाराचा पाढा म्हणत व्हती, मधीच चुकत व्हती. मेंढ्याच्या गळ्यातनं काढून आणल्याली साखळी मी परत पेटीला लावली, आप्पांना तिथं राखणीला बसवलं आन् बूथवर जाऊन कंपनीला फोन केला. पहिलंच वाक्य म्हणालो, "साहेब, जीप बिघडली न्हवती."

मंगळवारी मुंबईचे दोन साहेब आले. पेटी कंपनीनं आधीच ताब्यात घेतली व्हती. ते बाजेवर वही घेऊन बसले. कोण किती जवळ, किती वेळ, सगळं लिहून घेत व्हते. त्यावरनंच ठरणार, कुणाची तपासणी करायची. हरिबाचं सायकलीचं लिहिलं. मग साहेबांनी इचारलं, "आणि ही मुलगी?"

"ती? छ्या! ती तर जवळ फिरकलीच न्हाई," गिताबाई म्हणाल्या. "देवाजवळ पोरं जात्यात व्हय?"

मला वाटलं, म्हातारी मला वाचवतीय. पोरीचं नाव न्हाई आलं तर माझा गुन्हा निम्मा. कंपनीचा मॅनेजर माझ्याकडं टक लावून बघत व्हता. आप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"साहेब," मी म्हणालो, "पोरगी टेकून बसली व्हती. मी बघितलंय. शुक्रवार संध्याकाळपासनं रविवार सकाळपर्यंत, अभ्यासाच्या टायमाला."

"खोटारडा!" गिताबाई एवढ्यानं ओरडल्या, की हरिबाला बी ऐकू आलं. "घरात घेतला, चहा पाजला, आन् माझ्यावरच उलटतोस?"

मला बी राग आला व्हता. मला बेलभंडार उचलायला लावणारी हीच ना? साहेबांनी लिहून घेतलं. हरिबा, गिताबाई आन् पोरगी, तिघांचं रक्त पुण्यात तपासायचं ठरलं. माझा परवाना रद्द झाला. बिल्ला मी मॅनेजरच्या हातात दिला. आईला अजून सांगायचं व्हतं.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आले. एक प्रत घेऊन मीच कासुर्डीला गेलो. कुणी पाठवलं न्हवतं. गिताबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या व्हत्या. मला बघून तोंड फिरवलं. हसल्या न्हाईत, टोमणा मारला न्हाई. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मी उभ्यानंच वाचून दाखवलं. तिघांचं रक्त चांगलं हाय. पोरीला काय झालेलं न्हाई, पुढं बी काय व्हायचं न्हाई.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

परत वाचलं. त्यांनी लसणाची सुपली बाजूला सारली.

"पंधरा रात्री डोळ्याला डोळा न्हाई रं. ती झोपली की तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसायची मी. तिला मीच बसवली व्हती तिथं. ती नको म्हणत व्हती, गार लागतंय म्हणत व्हती. मी दोन धपाटे घालून बसवली."

"आजी, पेटी मी हरवली. तुम्ही न्हाई."

"त्या दिवशी साहेबापुढं बोललास ना, तवा वाटलं तुझा गळाच धरावा. मी तुझ्यासाठी खोटं बोलले न्हवते रं. मला वाटलं, कुणी बोललंच न्हाई तर झालंच न्हाई."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"मला बी शुक्रवारी बूथवर तसंच वाटलं व्हतं," मी म्हणालो.