मिठात मीठ

चैत्राचं ऊन खारेवाडीच्या मिठागरावर आलं की सारा उजेड जमिनीतूनच उगवल्यासारखा वाटतो. शुभ्र, स्तब्ध, चक्षुदाहक उजेड. बांधाबांधांनी आखलेले वाफे, वाफ्यावाफ्यांत पडलेलं फिकं आभाळ, आणि त्या आभाळाच्या तळाशी उमलत जाणारं मीठ. निःशब्द उमलणारं, निर्गंध उमलणारं, कुणाच्या सुखदुःखाची चौकशी न करता उमलणारं मीठ.

त्या धवल विस्तारात दोन स्त्रिया पाठमोऱ्या राबत होत्या. एक सासू, एक सून. मधे एक हातभर रुंदीचा बांध. आणि त्या बांधाएवढंच रुंद, त्या बांधाएवढंच खारट मौन.

अनसूयेचा लेक जयवंत आश्विनात होडी घेऊन गेला होता. होडीच्या दोन फळ्या परत आल्या; जयवंत आला नाही. समुद्रानं त्याचा देहही दिला नाही. ज्याचा देह नाही त्याचं मरण नाही, असं अनसूयेनं मनाशी धरलं, आणि संध्याकाळी ओटीवर बसून ती खाडीच्या मुखाकडे बघू लागली. मावळतीचा केशरी, मग जांभळा, मग काजळी समुद्र तिच्या डोळ्यांतून रोज उतरत गेला.

सून मैथिली पणजीच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवी. कधीकाळी ती इथल्या बोलीचे शब्द गोळा करायला आली होती. एका हसऱ्या, उन्हानं रापलेल्या तांडेलानं, जयवंतानं, तिला वाऱ्यांची नावं सांगितली, आणि ती त्याच्याच घरची झाली. यंदा सुट्टी लागली तशी ती आली. तिसऱ्या दिवशी सासूजवळ बसून हलकेच म्हणाली,

"आई, देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी करता येतो. भटजींशी बोलले मी."

अनसूया उठली, मिठागरावर गेली आणि निम्म्या वाफ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो तुझ्या घोवाचो वाटो. तुझां मीठ तुका, माझां माका."

त्या दिवसापासून दोन राशी वाढू लागल्या. सुनेची रास उंचवट्यावर, सासूची खालच्या बांधाला टेकून. दोन शुभ्र शिखरं, समोरासमोर, अबोल. वाटसरू लांबून बघत आणि म्हणत, यंदा मीठ बरं पिकलंय.

मैथिली निघून जाऊ शकली असती. गेली नाही. कोवळ्या हातांना भेगा पडल्या, भेगांत मीठ शिरलं, तरी लाकडी फावडं तिनं सोडलं नाही. सासू तिच्याकडे बघत नव्हती. पण दुपारी बांधावर झाकून ठेवलेली पेज दोघींना पुरेल एवढी असे.

वैशाखी अमावास्येला उधाण आलं. भर दुपारी, निरभ्र नभाखाली, वाऱ्याचा श्वासही हलत नसताना खाडी चढली. नीलगर्भ, मंदगती, अनिवार चढली. खालच्या बांधाला आधी एक ओली रेघ उमटली, मग भगदाड पडलं. पाणी आत आलं आणि अनसूयेच्या राशीचे पाय चाटू लागलं.

म्हातारी एकटी टोपली भरू लागली. रास खालून विरघळत होती, वरून खचत होती. हंगामभराचं ऊन, हंगामभराचा घाम तिच्या डोळ्यांदेखत पाणी होत होता. तेवढ्यात मैथिली बांध ओलांडून आली. तिनं टोपली भरली, उंचवट्यावर नेली आणि आपल्या राशीवर ओतली.

"मिसळतलां गो सगळां," अनसूया धापा टाकत म्हणाली. "मागीर येगळां कसां करतलंस?"

"करायचं नाही, आई. टोपली द्या."

मग टोपलीमागून टोपली. ओंजळीमागून ओंजळ. हात भाजत होते, गुडघ्यांभोवती पाणी घुमत होतं, आणि उंचवट्यावर एकच रास वाढत होती; शुभ्र, शुभ्रतर, शुभ्रतम.

उधाण ओसरलं. अर्धं मीठ वाहून गेलं होतं. दोघी राशीला पाठ टेकून बसल्या. अनसूयेनं विचारलं, "काय शिकवतंस गो तू थय, कॉलेजात?"

"शब्दांचे अर्थ. बघा, मिठात मीठ मिळवलं तरी त्याला मीठच म्हणतात. पण मडक्याशेजारी मडकं ठेवलं तर दोन मडकी होतात. काही शब्दांत बेरीज विरघळून जाते, काहींत नाही. त्याला आम्ही संचयी निर्देश म्हणतो."

"आनी माणूस?"

"माणूस मडक्यासारखा, आई. एकेकटाच असतो."

अनसूयेची नजर खाडीच्या मुखाशी गेली. "वाट बघणां?"

मैथिलीनं राशीतलं चिमूटभर मीठ उचललं. "ते मिठासारखं. कालची वाट, आजची वाट, तुमची, माझी; सगळी मिळून वाटच. तिच्या पोटात शेवट नसतो."

"तुझी?" म्हातारीनं मान वळवली. "तूय बघतंस वाट?"

"रोज. कॉलेजच्या जिन्यावर कुणी भरभर चढलं तरी. म्हणून तर विधी मागितला, आई. मला एकटीला वाट बघणं थांबवता येत नाही."

अनसूयेनं तिचा हात ओढून घेतला, तळव्यावरच्या भेगा पाहिल्या आणि आपल्या पदरानं त्यांतलं मीठ टिपू लागली. इतके महिने आपण एकटीच वाट बघतो आहोत असं तिला वाटत होतं. लेकाची बायको त्याला विसरायला आली आहे, असं वाटत होतं. टिपता टिपता तिचे आश्विनापासून कोरडे राहिलेले डोळे सावकाश भरून आले.

आठ दिवसांनी, पेज वाढताना, ती म्हणाली, "भटांका बोलव. माका मात्र रडा नको म्हणून सांगू नको."

खाडीच्या मुखाशी, कोवळ्या सकाळी, दर्भाच्या हरितपीत देहाला मैथिलीनं अग्नी दिला. धूर सरळ वर गेला. अनसूया मोकळेपणी, मोठ्यानं रडली. लेकाचं नाव घेऊन रडली. मग दोघी कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. सासूनं सुनेच्या डोक्यावर तीन ओंजळी घातल्या, सुनेनं सासूच्या.

ओसरती भरती आणि नदी तिथंच भेटत होत्या. एक निळी, एक मातकट; क्षणभर दोन रंग शेजारी शेजारी वाहिले, मग एकमेकांत शिरले, मग पाणी उरलं. नुसतं पाणी, उन्हात चमकणारं, संथ, सावकाश, समुद्राकडे जाणारं.