काकूने राखलेलं बी

प्रयोगशाळेच्या तराजूवर बाटलीतलं बी सहा पूर्णांक चार ग्रॅम भरलं. हजार दाण्यांचं वजन तिने आधीच काढलं होतं, त्या हिशोबाने दाणे दहा हजारांच्या आसपास भरत होते. काळे, चकचकीत, मोहरीहूनही बारीक. त्यांच्यात वाळलेल्या फुलोऱ्याचा थोडा भुगा आणि एक मेलेली मुंगी, एवढाच कचरा. भुगा तिने फुंकून काढला, मुंगी चिमट्याने उचलली आणि वजन पुन्हा घेतलं.

बी लाल माठाचं, पण घरात सगळे त्याला काकूचं बी म्हणत. काकू बाल्कनीतल्या ट्रेमधली भाजी खुडून खुडून सगळ्यांना खाऊ घालायची, मात्र कोपऱ्यातल्या एका रोपाला कुणाची बोटं लागू द्यायची नाही. ते बियाण्याचं. ते खांद्याएवढं वाढायचं, तुऱ्यांनी वाकायचं, वाळलं की काकू वर्तमानपत्रावर झोडपून, पाखडून बाटली भरायची. मागच्या वर्षी बाटली भरली आणि दोन महिन्यांत काकू गेली.

यंदा काकांनी जन्मात पहिल्यांदा पेरणी केली. अर्धी बाटली संपली आणि एक हिरवा ठिपका दिसेना, तेव्हा ते पुतणीकडे आले. ती धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे काकांच्या लेखी ती दाण्यांची डॉक्टर.

"डॉक्टर, पेशंट आणलाय," त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "अर्धं मातीने गिळलं. ढेकरसुद्धा दिला नाही."

"बाटली कुठे ठेवली होती?"

काकांनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. "ओट्याखाली. नळ गळतो ना, त्याच्या शेजारी. काकू होती तोवर वरच्या फळीवर असायची. मीच खाली सरकवली." मग हळूच, "माझ्यामुळे गेलं का गं ते?"

"तपासून सांगते. नक्की आकडा काढून देते."

"बाटलीच ने. उरेल ते तेवढं परत आण हं. उगवो न उगवो, असू दे घरात."

"आणते की."

बियांत पाणी बारा टक्क्यांच्या वर गेलं, तर बी बाटलीतल्या बाटलीत नासायला लागतं. दहाच्या आत असेल, तर वर्षानुवर्षं टिकतं. ओट्याखालच्या ओलीने घात केला की नाही, हे तेवढ्यावरून कळण्यासारखं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मात्र ते पटलं नाही.

"शंभर दाणे ओल्या कागदावर टाक आणि चार दिवस थांब. जिवंत असतील तर उगवतील."

"ते नंतर. आधी पाणी बघू."

"तुझं म्हणजे कपाळाला हात लावून ताप कळतोय, तरी सुई टोचायचीच."

ती हसली. ओला कागद कुणीही घालेल, असं तिला वाटलं. काकांना दशांशापर्यंतचा आकडा द्यायचा होता.

तपासलेलं बी भाजून मरतं, म्हणून तिचं ठरलं होतं: निम्मं तपासायचं, निम्मं बाटलीत परत. पण प्रयोगशाळेची रीत अशी, की एक नमुना म्हणजे दोन डब्या. एकीचा आकडा दुसरीने पडताळायचा. चार वर्षं तिचे हात हेच करत आले होते. पहिल्या डबीत तिने निम्मं बी ओतलं, तोललं, वजन लिहिलं. मग हाताने दुसरी डबी पुढे ओढली, राहिलेलं ओतलं, तोललं, तेही वजन लिहिलं. पाणी उडून वजन किती घटतं ते बघायला दोन्ही डब्या ओव्हनमध्ये गेल्या, एकशे तीस अंशांवर, तासभर. तेवढ्या वेळात तिने मक्याचे तीन नमुने उरकले.

डब्या बाहेर काढून थंड व्हायला ठेवल्यावर तिचं लक्ष रिकाम्या बाटलीकडे गेलं.

"काय झालं?" मैत्रिणीने विचारलं.

"दोन्ही डब्या घातल्या."

"दोन्हीच घालायच्या असतात."

"हो," ती म्हणाली.

डब्या निवल्यावर तिने वजनं घेतली, कारण आता तेवढंच करण्यासारखं राहिलं होतं. त्यातलेच शंभर दाणे ओल्या कागदावरही टाकले. आठवडाभर ती रोज झाकण उचलून बघत राहिली. कोंब नाही म्हणजे नाही.

रविवारी ती काकांकडे गेली, तर त्यांनी ट्रे घासून, नवी माती भरून तयार ठेवला होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. बसलं तर जीभ उचलणार नाही, अशी तिला भीती होती.

"सगळं?" काकांनी विचारलं.

"सगळं. सवयीने झालं, काका. मला अर्धं ठेवायचं होतं."

काकांनी बाटली घेतली, उजेडाकडे धरली, बुडाला टिचकी मारली. मग झाकण लावून वरच्या फळीवर ठेवली.

"ट्रेमधली आधीची माती कुठेय?" तिने घाईने विचारलं. "त्यात काही दाणे अजून..."

"ती कचऱ्याच्या गाडीत गेली. कधीच."

ती वेताच्या मोड्यावर टेकली. "पेरलं कसं होतंत तुम्ही?"

काकांनी तर्जनी पुढे केली आणि दुसऱ्या पेरावर अंगठा टेकवला. "एवढं खोल. भोक पाडून, वरून चांगलं दाबून. वाटाणे लावतात तसं. उगाच पाखरांनी खायला नको."

"आणि काकू?"

"ती काय, मूठ झटकायची मातीवर आणि वर चिमूटभर माती भुरभुरायची. मी म्हणायचो, जीव लावून कर की जरा. तिला आपली सदा घाई."

एवढ्या बारीक दाण्याचा कोंब दोन पेरं माती फोडून वर येत नाही. हे तिला ठाऊक होतं, पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. बाटली कुठे ठेवली ते तिने विचारलं होतं. पेरलं कसं, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

काकांनी नव्या मातीवरून हात फिरवला, ढेकूळ नव्हतं तरी एक फोडल्यासारखं केलं.

"बरं, एवढं तरी सांग. ओट्याखाली भिजलं होतं का ते? मी आधीच मारलं होतं का?"

चौदा टक्के म्हटलं असतं, तर बी आधीच गेलेलं ठरत होतं आणि तिच्या हातून काहीच गेलं नव्हतं. काका तिच्याकडे बघत होते.

"नाही, काका. एका डबीत आठ पूर्णांक तीन टक्के आलं," ती म्हणाली, "दुसरीत आठ पूर्णांक चार."