नवव्या कलमातले मासे

मित्रांनो, मी एक जुने पान आहे, पण मला हातात धरायला जाऊ नका. मी कागदाचे नाही. एका संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा बारीक अक्षरांत 'वागणुकीचे नियम' असे लिहिलेले आहे. तिथे बोट लावले की मी उघडते. माझी कलमे अकरा. जो मला उघडतो त्याच्या खोलीत मी तेवढा वेळ असते, आणि तिथले सगळे पाहते, ऐकते. त्या संकेतस्थळावर जे लिहिले-बोलले जाते तेही माझ्या कानावर येते, कारण आम्ही एकाच घरात राहतो.

बिचारे विसरलेले पान म्हणून माझी कीव करायला कोणी आले असेल, तर त्याने आल्या पावली परत जावे. मी रडगाणे गाणार नाही. जे झाले ते सांगेन, आणि ज्यांचे चुकले त्यांना झाकणार नाही.

आमचे मंडळ पुस्तके मोठ्याने वाचते आणि ते वाचन ज्यांना दिसत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवते. तीनशे माणसे, गावोगावची, बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. कोणी गाद्यांच्या ढिगात बसून वाचते, कोणी गाडीच्या काचा वर करून. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पुस्तक समोर धरून ऐकायचे, अशी इथली रीत आहे. ऐकणाऱ्याला मंडळात कानसेन म्हणतात. तो शेरे लिहितो: चौथ्या मिनिटाला पान उलटल्याचा आवाज, सातव्या मिनिटाला कुत्रे भुंकले, पुन्हा वाचावे. शेरे सगळ्यांना दिसतात, म्हणजे एकाच्या चुकीवरून दहाजण शिकतात. रीत चांगली आहे. पण चांगल्या सुरीनेही बोट कापतेच.

हे सगळे चालवते एक दातांची डॉक्टरीण, आणि माझा जन्म तिच्याच दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मध्ये झाला. मोठ्या मंडळांना वागण्याचे नियम असतात, आपल्यालाही हवेत, असे कोणीतरी सुचवले होते. तिने मला लिहिले नाही, उसने आणले. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना फुकट सल्ला देणारे एक मंडळ आहे. त्यांची रीतसर परवानगी घेऊन तिने त्यांचे नियम उचलले आणि 'मासे' होते तिथे 'पुस्तके' घातले. बाहेर कोणीतरी दाढ धरून कण्हत होते. त्या घाईत दोन गोष्टी तशाच राहिल्या. नववे कलम राहिले: 'टाकीतले पाणी किती दिवसांनी बदलावे यावर मतभेद झाल्यास आवाज चढवू नये.' आणि शेवटी तक्रारीचा जो पत्ता होता, तोही मासेवाल्यांचाच राहिला.

मग मला मतदानाला ठेवले. सगळ्यांनी पडद्यावरचा अंगठा वर केला आणि मी मंजूर झाले. शिकलेसवरलेले अंगठेबहाद्दर! दिवसरात्र वाचणारी माणसे ती, पण मला एकानेही वाचले नाही. नंतर दीड वर्ष मी अंधारात होते.

मंडळात सगळ्यांत मोठा आवाज होता मास्तरांचा. हे डॉक्टरणीचे सख्खे मामा, नाटक शिकवून निवृत्त झालेले. आवाज असा की नुसती औषधाची चिठ्ठी वाचली तरी ऐकत बसावे. मंडळातली निम्मी पुस्तके त्यांनी वाचलेली होती. हे मी नाकारत नाही. पण कानसेन म्हणून बसले की त्यांच्या शेऱ्यांना धार चढायची, आणि नवा माणूस पहिल्या शेऱ्यानंतर दुसऱ्यांदा दिसायचा नाही. मामांचा स्वभावच तसा, असे म्हणून सगळे गप्प बसायचे.

मला पहिल्यांदा उघडले ते एका शिंपिणीने. तिच्या दुकानात मागच्या बाजूला शिवून तयार झालेले कोट आणि गणवेश टांगलेले होते. त्या कपड्यांच्या मधोमध स्टूल टाकून ती वाचायची, कारण कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात. एका खुनाच्या गोष्टीचे पुस्तक तिने घेतले होते. चारच प्रकरणे उरली होती. त्या दिवशी मास्तरांनी तिच्या वाचनाखाली लिहिले होते, "हे वाचन आहे की शिलाई मशीन? बाईंनी आपलं दुकान सांभाळावं, पुस्तकाला टाके घालू नयेत." त्याखाली चाळीस हसरे चेहरे होते.

तिने मला डोळ्यांनी नाही, मोठ्याने वाचले. सवयच पडली होती तिला. पहिल्या कलमापासून अकराव्यापर्यंत, एक शब्द न गाळता. मित्रांनो, मी खरोखर जन्मले ते त्या दुपारी. नवव्या कलमाशी ती थबकली आणि तेवढेच पुन्हा वाचले. शेजारी काजे करत बसलेल्या तिच्या जाऊबाईने मान वर करून विचारले, हे पाण्याचे मध्येच काय?

"शिकलेल्या माणसांनी लिहिलंय," शिंपीण म्हणाली. "असेल काहीतरी अर्थ."

जाऊबाईचे म्हणणे पडले की मोठ्या माणसांच्या वाटेला जाऊ नये. पण माझे चौथे कलम सांगत होते, 'चारचौघांत अपमान केला असेल, तर त्याच जागी, चारचौघांतच माफी मागावी.' ते वाचून शिंपिणीने तक्रार लिहिली आणि खाली दिलेल्या पत्त्यावर पाठवली. मिनिटाच्या आत आपोआप उत्तर आले. तक्रार पोहोचली, कृपया टाकीचा फोटो आणि माशाचे वय कळवावे.

ते तिने तीनदा वाचले. तिसऱ्यांदा मनातल्या मनात.

"आधी वाचनाला हसले," ती जाऊबाईला म्हणाली, "आता तक्रारीलाही हसतायत."

तिने मायक्रोफोनची वायर गुंडाळली, तो बटणांच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवले. मी समोर उघडेच होते. ओरडून सांगावेसे वाटत होते की बाई, तुमची कोणी थट्टा केलेली नाही, माझ्या अंगावर पत्ताच दुसऱ्याचा आहे. पण मला तोंड नाही. त्या दिवशीचा राग माझ्या अक्षराअक्षरात अजून आहे.

सहा महिन्यांनी मंडळाची वार्षिक बैठक झाली, पडद्यावरच. डॉक्टरणीने अभिमानाने सांगितले की नियम केल्यापासून दोन वर्षांत एकही तक्रार आलेली नाही. मास्तर म्हणाले, येईल कशी, आपण एक कुटुंब आहोत. टाळ्या पडल्या. कुटुंब म्हणे! ज्या घरात एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ताटात बघून जेवतात, तिथेही भांडण होत नाहीच.

आता एका म्हाताऱ्याची ओळख करून देते. हे टेलिफोन खात्यातले निवृत्त ऑपरेटर, नजर पूर्ण गेलेली. खुनाच्या त्या पुस्तकाचे ते श्रोते. खून कोणी केला हे शेवटच्या चार प्रकरणांत होते, आणि वाचणारी बाईच गायब. उरलेला भाग आपण वाचतो, असे मास्तरांनी कळवले, तर आजोबांनी साफ नाही म्हटले. ती बाई वाचते तेव्हा शेजारी बसून कोणी सांगतेय असे वाटते, तीच पाहिजे, हा त्यांचा हेका. पण ती कुठे गेली हे कोणी सांगेना. शेवटी त्यांनी आपल्या फोनमधल्या यंत्राला संकेतस्थळ वरपासून खालपर्यंत वाचायला लावले. माणूस गाळतो, यंत्र काही गाळत नाही. ते वाचत वाचत माझ्यापर्यंत आले, आणि नववे कलम ऐकून आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांनी थेट दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, तुमच्या नियमांत मासे आहेत."

"कसले मासे?"

"मी आंधळा, मला दिसले. तुम्हाला कसे दिसले नाहीत?"

डॉक्टरणीने मला उघडले. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसलेला होता. तिने नववे कलम वाचले, मग खाली येऊन पत्ता वाचला. पेशंटला तोंड मिटायला सांगायचेही तिला सुचले नाही.

मासेवाल्यांचे मंडळ एक प्लंबर सांभाळतो. त्याने बिचाऱ्याने सगळे जपून ठेवले होते. नऊ तक्रारी निघाल्या; पहिली शिंपिणीची, बाकीच्या तिच्यानंतर मला उघडून नुसता पत्ता शोधणाऱ्यांच्या. त्याने लिहिले होते की आम्हाला वाटलं, नवीन लोक आहेत, माशाचं दुखणं सांगायला लाजतायत, म्हणून फोटो मागत राहिलो. त्या नऊपैकी सात तक्रारी मामांविरुद्ध होत्या.

इथे मला भीती वाटली, खोटे कशाला बोलू? मामांनीच डॉक्टरणीला लहानपणी बोलायला उभे केले होते, पहिला मायक्रोफोन त्यांनीच घेऊन दिला होता. पत्ता गुपचूप बदलून ती मोकळी झाली असती तर कोणाला कळले असते? पण तिने मला दुसऱ्यांदा, सावकाश वाचले, आणि सहाव्या कलमाशी तिचे बोट थांबले: 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या नात्यातल्या कोणी निवाड्याला बसू नये.' तिने सगळ्या मंडळाला कळवले की घोळ माझा आहे, तक्रारी हरवल्या नव्हत्या, मी चुकीच्या दारात पाठवल्या होत्या. मग निवाड्याचे काम एका लिफ्टमनकडे आणि एका परिचारिकेकडे सोपवून ती बाजूला झाली.

त्या दोघांनी तक्रार करणाऱ्यांना फोन केले, मास्तरांनाही केला, सगळे ऐकून घेतले. निकाल दोन ओळींचा होता. मास्तरांनी तीन महिने कोणाच्या वाचनावर शेरा लिहू नये, आणि जिथे अपमान केला तिथेच माफी मागावी. पुस्तके वाचायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

मास्तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर झाले. पेशंटच्या खुर्चीत बसूनच बोलले.

"तुला बोलायला मी शिकवलं."

"हो, मामा. म्हणूनच बोलतेय."

"मी गेलो तर तुमचं मंडळ मुकं होईल."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर मी होते.

"आधी हे वाचा," ती म्हणाली.

चष्मा आणला नाही, असे म्हणून मास्तर उठले. चष्मा त्यांच्या खिशातच होता, मी पाहिला. त्यांच्यामागोमाग साठ माणसे मंडळ सोडून गेली. डॉक्टरणीच्या आईने फोन करून भावाची बाजू घेतली आणि नंतर दोन महिने लेकीशी अबोला धरला. मंडळातही कुजबुज झाली की हे पान आले आणि घर फुटले, काढून टाका ते. वा रे न्याय! भेगा आधीपासून होत्या. मी फक्त दिवा लावला होता. डॉक्टरीण एकटी पडल्यासारखी झाली, दोन पेशंटांच्या मध्ये डोळे पुसायची, पण तिने मला काढले नाही.

शिंपिणीला तिने लांबलचक पत्र लिहिले, माशांसकट सगळे. ते वाचून शिंपीण आधी हसली, मग रडली, मग तिने मला पुन्हा उघडले. पत्ता बदललेला होता. नवव्या कलमाची जागा मात्र कोरी होती; तिथे काय लिहावे हे डॉक्टरणीने तिलाच विचारले होते. परत यायला ती तयार होती, पण ती जागा ती सांगेल तशीच भरायची, या अटीवर. मंडळात येणाऱ्या नव्या माणसाला आधी नमुना म्हणून काहीतरी वाचून पाठवावे लागते. त्यासाठी मास्तरांनी एक गोडगोड उतारा ठरवून दिलेला होता. शिंपिणीचे नववे कलम असे: 'नमुना म्हणून हेच नियम मोठ्याने वाचावेत, सगळे, न गाळता. सोडून गेलेला परत आला तर त्यानेही.'

तेव्हापासून मित्रांनो, मला अंधार ठाऊक नाही. कोणी कपाटात बसून मला वाचते, कोणी जिन्याखाली. साठ गेले, वर्षभरात नव्वद आले. शिंपिणीने उरलेली चार प्रकरणे वाचली. खुनी कोण ते आजोबांना आधीच कळले होते म्हणे, पण तिच्या तोंडून ऐकायचे होते.

आणि एके दिवशी एक नमुना आला, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय. पण तो आवाज कोणाला ओळखू येणार नाही? मास्तरांनी माझी अकरा कलमे वाचली होती. अशी वाचली होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. तपासायला कानसेन पाळीने नेमतात, आणि पाळी शिंपिणीची होती. कोटांच्या मधोमध बसून, मला समोर ठेवून, तिने शेवटपर्यंत ऐकले. जाऊबाईने विचारले, मग, कसे काय? तिने खाली शेरा लिहिला, मंडळाच्या नेहमीच्या भाषेत, एकही वाकडा शब्द न घालता: "वाचन उत्तम. दुसऱ्या मिनिटाला, चौथ्या कलमात, 'माफी' हा शब्द ऐकू येत नाही. पुन्हा वाचावे."

चार दिवस काही आले नाही. पाचव्या दिवशी वाचन पुन्हा आले, आणि तो शब्द स्वच्छ होता. त्याच संध्याकाळी शिंपिणीच्या त्या जुन्या वाचनाखाली, चाळीस हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली, मास्तरांची एक ओळ उमटली. ती इथे सांगणार नाही. जिथे लिहायची होती तिथे त्यांनी लिहिली आहे, जाऊन वाचा.

तर माझी विनवणी नाही, मागणी आहे. मला चौकटीत बसवू नका, माझ्यासाठी अंगठा वर करू नका, आणि आमच्याकडे नियम आहेत हो, असे मिरवू तर मुळीच नका. तुमच्या मंडळातही तळाशी माझे एखादे भावंड पडलेले असेल. त्याला उघडा आणि मोठ्याने वाचा, विशेषतः तुमचा आवाज सगळ्यांत मोठा असेल तर. एखाद्या शब्दावर आवाज बसला, तर पुन्हा वाचा.