न विचारता केलेलं भलं

"आभार? कशाचे आभार मानू मी?"

वहिनींनी हातातली चादर टेबलावर आपटली. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत, इस्त्रीच्या विभागात, त्यांना सगळेच वहिनी म्हणत. त्यांचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता.

पाळी बदलतेय, ताईंचे आभार माना, असं सांगून निघालेला मुकादम दारातच थबकला. "अहो, पाळी बदलली ना! सोमवारपासून इस्त्रीवाल्यांनी दुपारी चारला यायचं, रात्री अकराला सुटायचं. घरी सोडायला गाडी. सध्या दिवसाच्या पाळीत भर उन्हात तुम्ही वाफेपुढे उकडून निघता, ते ताईंना बघवेना. आत्ता चहाच्या सुट्टीत त्या जाहीर करतील. मग तुम्ही आभाराचे दोन शब्द बोला. तुमचं बोलणं गोड."

ताई म्हणजे मालकीणबाई. मालकीण म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

वहिनींच्या डोळ्यांपुढे घर आलं. घरी सासरे होते. दिवसा अगदी शहाण्यासारखे वागत. पण दिवस मावळला की त्यांना स्वतःचं घर परकं वाटे. "मला घरी जायचंय" म्हणत दार उघडून रस्त्याला लागत. नवरा मालाच्या ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. संध्याकाळी म्हाताऱ्याला आवरणारा आवाज एकच, वहिनींचा. चार ते अकरा म्हणजे नोकरी सोडणंच आलं, आणि घर तर याच पगारावर चाललेलं!

सुट्टीत सगळे जमले. ताई हसतमुखाने बोलल्या. टाळ्या पडल्या, पण तुटक तुटक. मुकादमाने वहिनींना पुढे केलं.

"ताई, तुम्ही नेहमी म्हणता, आपण सगळे एका घरातले," वहिनी म्हणाल्या. "माझ्या घरात मी साधी भाजी करतानासुद्धा विचारते, आज काय करू म्हणून. इथे तुम्ही माझी अख्खी संध्याकाळ उचलून नेलीत, आणि मला कळलं कधी? आभार मानायच्या वेळी!"

कुणीतरी फिसकन हसलं. ताईंचा चेहरा उतरला. "अहो वहिनी, तुमच्याच भल्यासाठी केलं मी."

"माझं भलं कशात आहे, हे मला विचारायला तोंड दुखत होतं का? अंधार पडला की माझे सासरे घर सोडून निघतात. त्यांना धरू की तुमच्या चादरी? नोकरीवरून उठवताय मला, आणि वर धन्यवादही हवेत!"

"मला काय माहीत, तुमच्या घरी असं आहे..."

"विचारलं असतं तर कळलं असतं! सांगते ऐका, ही पाळी आम्हाला कुणालाच नको!"

"मला हवीय."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. घड्या घालणारी चिमणी उभी होती. अंगाने एवढीशी म्हणून तिला ते नाव पडलेलं.

"सकाळी माझ्या बाळाला बघायला कुणी नाही. शेजारणीच्या हातापाया पडून येते मी रोज. संध्याकाळी त्याचा बाप घरी असतो. मला ही पाळी हवीय."

"अगं, मग आधी बोलायचं नाही का?" वहिनी तिच्यावरच उखडल्या.

"तुम्ही विचारलंत? रोज तुमच्या शेजारी उभी असते मी. तुम्ही सरळ 'कुणालाच नको' म्हणून मोकळ्या झालात. ताईंनी विचारलं नाही म्हणून तुम्ही एवढ्या भडकलात. आता मी कुणावर भडकू?"

 पोरीने वर्मावरच बोट ठेवलं होतं.

"बरं बाई," ताई म्हणाल्या. "एवढं वाईट केलं असेल मी, तर सोमवारची पाळी रद्द. झालं समाधान?"

"नाही झालं," बॉयलरवरचे काका म्हणाले. ते सहसा बोलत नसत. "रद्द करायचंही तुम्हीच ठरवलंत! ही चिमणी काय म्हणाली ते ऐकलंत का? ताई, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ करता, नाही म्हणत नाही. पण लहान लेकराला आपण न विचारता झबलं घालतो. आम्ही लेकरं नाही. आमच्यासाठी ठरवू नका, आमच्याबरोबर बसून ठरवा. आणि वहिनी, तुम्हीसुद्धा!"

ताई रागाने उठल्या आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. दार धाडकन लागलं. दुसऱ्या दिवशी त्या खोलीबाहेर पडल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः खुर्ची ओढत इस्त्रीच्या विभागात आल्या आणि बायकांमध्ये बसल्या. "मी दान केल्यासारखं केलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. बोला, एकेकीने बोला."

मग काय विचारता! जो तो बोलू लागला. भांडणं झाली, रुसवे झाले. "यापेक्षा चादरी तरी झाल्या असत्या," म्हणून मुकादम कपाळावर हात मारून घेई. पण शेवटी ठरलं: दोन पाळ्या, एक पहाटे सहाची, एक संध्याकाळची, ज्याची त्याने निवडायची. आणि इथून पुढे कामाची वेळ बदलायची तर आधी सगळ्यांनी बसून बोलायचं.

वहिनींनी पहाटेची पाळी घेतली; तेव्हा सासरे गाढ झोपेत असतात. आता अंधारातच उठावं लागतं, डोळे चुरचुरतात, बस चुकली तर पायपीट होते. तरी त्या कुरकुरत नाहीत. ती वेळ त्यांच्या तोंडून आलेली आहे.

वाचकहो, कचेरी असो, कारखाना असो, माणसं सांभाळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: न विचारता केलेलं भलं हा प्रेमाचा बुरखा घातलेला हुकूमच असतो! आणि 'आम्ही सगळे' म्हणून आवाज उठवणाऱ्यांनीही आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारावं. देवाने प्रत्येकाला तोंड दिलं आहे, ते नुसतं 'हो' म्हणायला नव्हे!