रस्त्यापलीकडची विहीर

शिंप्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांवर काळं फडकं बांधलेले विहीरबाबा काठी टेकत आले, थबकले आणि काठी आपटून ओरडले, "खणा! धरणी रडतेय इथं!" फावडी चालली. कमरेएवढ्या खड्ड्यात घडीव दगडांचं गोल कडं दिसलं आणि गर्दीने हात जोडले. गावभर फिरून बाबांनी शोधलेली ही चौथी बुजलेली विहीर.

"तहानलेली विहीर घरच्या माणसाचं रक्त पिते," बाबा म्हणाले. "औषधं कितीही ओता, जातात तिच्याच घशात!" फडकं तसंच होतं, तरी त्यांचं बोट नेमकं माझ्या धाकट्या बहिणीकडे वळलं. "बाई, तुझ्या घराखालीही एक आहे. परवा उघडू."

घरी येताच धाकटीने इन्सुलिन बंद केलं.

तिची मुलगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. जुने कागदी नकाशे स्कॅन करायचे, कॉम्प्युटरवर आजच्या शहरावर बसवायचे आणि कुणालाही फोनवर पाहता येतील असे ठेवायचे. तिने आईची खूप मनधरणी केली.

"तू तुझे नकाशे सांभाळ," धाकटी म्हणाली. "बाबांनी चार विहिरी दाखवल्या. तुझ्या डॉक्टरने काय दाखवलं? सुई!"

दुसऱ्या दिवशी ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती आणि तरी जीभ टाळ्याला चिकटत होती. भाचीने मला ग्रंथालयात नेलं. पडद्यावर आजच्या रस्त्यांखालून जुना पिवळा नकाशा डोकावत होता.

"मावशी, बाबांच्या चारही विहिरी यात आहेत. तो आमचाच नकाशा फोनवर बघतो! पण आई म्हणेल, विहिरी तर खऱ्याच निघाल्या."

मी चष्मा पुसून आमची गल्ली शोधली. विहिरीची खूण धाकटीच्या स्वयंपाकघरावर होती.

"छे! विहीर लोहाराच्या भिंतीला लागून होती, रस्त्यापलीकडे. तुझ्या आईची बाहुली पडली होती तिच्यात. भोकाड पसरून तिने गल्ली डोक्यावर घेतली होती."

भाचीचा चेहरा उतरला. जुना नकाशा नव्यावर बसवताना दोन्हींत असणाऱ्या जागा जुळवाव्या लागतात. त्या कोपऱ्यात तिने पाण्याची टाकी धरली होती.

"अगं, ती टाकी पाडून रस्त्याच्या अलीकडे नवी बांधली," मी म्हटलं.

"म्हणजे सगळा कोपराच सरकला. चूक माझी." तिचा हात माऊसकडे गेला. मी मनगट धरलं.

"उद्या दुपारपर्यंत राहू दे."

"चूक कळल्यावरही?"

"तुझ्या आईसाठी."

सकाळी गर्दी मागे घेऊन बाबा आले, फडकं बांधलं आणि सरळ स्वयंपाकघरात ओट्यापाशी काठी आपटली. "इथंच! हाका मारतेय ती!" फरशी उखडली. खड्डा गुडघ्याइतका झाला, कमरेइतका झाला. नुसता घट्ट मुरूम, कधी कुणी न हलवलेला. खुर्चीत धाकटी जोरजोरात श्वास घेत होती. भाची सुई हातात धरून उभी होती.

बाबांना घाम फुटला. "विहीर रुसली! अविश्वासाने सरकली!"

"धाकटे," मी विचारलं, "तुझी बाहुली कुठं पडली होती गं?"

तिने मान वर केली. "लोहाराच्या... भिंतीपाशी. पलीकडे."

भाचीने लॅपटॉप गर्दीकडे वळवला. "विहीर सरकली नाही. नकाशा सरकलाय, माझ्या हातून. बाबा, माझी चूक तुमच्या धरणीला कशी कळली?"

शिंप्याने बाबांचं फडकं ओढून स्वतःच्या डोळ्यांवर धरलं. "अहो, आरपार दिसतंय की! शिंपी असून मला कळू नये?"

बाबा दाराकडे निघाले, तर दारात लोहाराचा नातू पहार घेऊन उभा. "जाता कुठं? आमच्या भिंतीपाशी पाणी लागतंय का, ते बघून जा."

धाकटीने मुलीपुढे दंड धरला. "टोच," ती पुटपुटली.

दवाखान्यातून ती परतली तोवर नकाशातली टाकी जागेवर गेली होती.

बाबांच्या चार विहिरी खऱ्याच होत्या, म्हणून तर आम्ही फसलो. तेव्हा चमत्कार खरा ठरला तरी लगेच हात जोडू नका. याला हे कळलं कुठून, एवढं विचारा. आणि विचारत असताना औषध चालू ठेवा.